नवे आणणाऱ्याला गेट उघडे, जुने नेणाऱ्याला बंद : पुण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
पुणे शहर व उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्था.

विषय : दुरुस्ती करणारे कारागीर, बोहारणी आणि रद्दी-भंगार घेणारे यांना संस्थेच्या आवारात ठरलेल्या वेळी प्रवेश देण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायच्या असतात आणि त्यांच्या विषयपत्रिका आता तयार होत असतील. पाण्याची टाकी, लिफ्टचा देखभाल करार, पार्किंग आणि थकबाकी या नेहमीच्या विषयांबरोबर आणखी एक विषय सभेपुढे ठेवावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी कोथरूडमधील एका संस्थेची सभासद असून सहा वर्षे तिची सचिव होते. माझ्या कार्यकाळात आमच्या आवारातून दोन सायकली चोरीला गेल्या. त्यातच दुपारच्या वेळी आरोळ्यांमुळे झोपमोड होते, अशा तक्रारी आल्या. तेव्हा समितीने गेटवर एक पाटी लावली : ‘फेरीवाले, भंगारवाले व बोहारणी यांना प्रवेश बंद.’ या ठरावावर पाच मिनिटेही चर्चा झाली नाही. इतिवृत्त मी माझ्या हाताने लिहिले आणि त्यावर सही केली. तो ठराव चुकीचा होता, असे आज माझे स्पष्ट मत आहे, आणि तशीच पाटी आपल्यापैकी अनेकांच्या गेटवर असल्यामुळे हे मत माझ्यापुरते ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पाटी लागल्यावर काय झाले, हे मला दोन वर्षांनी कळले. कचऱ्याच्या खोलीत जागा पुरत नाही, अशी तक्रार आल्यामुळे एका रविवारी मी स्वतः तेथे जाऊन पाहणी केली. कोपऱ्यात तीन प्रेशर कुकर होते. तिघांचेही बूड सपाट आणि शाबूत होते. एकाचे हँडल सैल झाले होते, दुसऱ्याची रबरी रिंग कडक होऊन तडकली होती, आणि तिसऱ्यात काय बिघडले आहे ते मला अखेरपर्यंत समजले नाही. शेजारी एक काडी मोडलेली छत्री होती, तळाची दातेरी चकती झिजलेले मिक्सरचे भांडे होते आणि कापसाची एक जड गादी उभी करून ठेवली होती. पिंजून घेतली असती, तर ती पुढची दहा वर्षे सहज वापरता आली असती. यातली एकही वस्तू तिच्या आयुष्याच्या अखेरीला पोचली नव्हती. ती ज्याच्या हातात द्यायची, तो माणूस आमच्या गेटपाशी थांबवला जात होता, एवढेच घडले होते.

त्याच दिवशी गेटवरची नोंदवही मी चाळली. सकाळपासून दुपारपर्यंत वस्तू घरपोच आणून देणाऱ्यांच्या तीसहून अधिक नोंदी होत्या. कोणी किराणा, कोणी कपडे, तर कोणी नवा मिक्सर घेऊन आले होते. नवी वस्तू आणणाऱ्याला आपले गेट दिवसभर उघडे असते. तीच वस्तू नीट करून देणाऱ्याला किंवा तिचे काम संपल्यावर रास्त भाव देऊन घेऊन जाणाऱ्याला मात्र ते बंद असते. माझ्या मते या पत्राचा सारा विषय या एका विसंगतीत आहे.

‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द अलीकडे सरकारी योजनांतून आणि परिषदांतून वारंवार ऐकू येतो. खाणीतून काढायचे, कारखान्यात घडवायचे, घरात वापरायचे आणि डेपोवर टाकायचे, या सरळ रेषेऐवजी वस्तू जितका काळ शक्य आहे तितका काळ वापरात ठेवायची, बिघडली तर दुरुस्त करायची, आपल्याला नको असेल तर दुसऱ्याला द्यायची आणि अगदीच निकामी झाली तर तिचा धातू, कागद, काच वा माती पुन्हा कच्चा माल म्हणून कामाला लावायची, असा त्याचा अर्थ आहे. या व्यवस्थेत माल पुन्हा वितळवण्याचा क्रमांक शेवटचा लागतो. दुरुस्ती आणि पुनर्वापर त्याच्या आधी येतात, कारण वस्तू घडवताना खर्च झालेले श्रम आणि इंधन त्यांत वाया जात नाही. अर्थात वितळवण्याचे महत्त्वही थोडे नाही. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. आपल्या स्वयंपाकघरातले ‘जर्मन’चे पोचे पडलेले पातेले ओल्या कचऱ्यात गेले, तर वाया काय जाते हे यावरून ध्यानात यावे.

पुण्याला हा विचार शिकवावा लागत नाही. शहराच्या नकाशावर तो आधीच लिहिलेला आहे. बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाला त्याचे नाव परिसरात विकल्या जाणाऱ्या पासोड्यांवरून पडले. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवली जातात, आणि अप्पा बळवंत चौकात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी आदल्या वर्गाची पुस्तके विकून पुढच्या वर्गाची जुनी पुस्तके घेत आले आहेत. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाची तोटी, लोखंडी पाना किंवा जुन्या घड्याळाचा सुटा भाग शोधायला लोक आजही तेथे जातात. आणि पिठाची गिरणी! प्रत्येक घरातून दळणाचा डबा जातो आणि तोच डबा पीठ भरून परत येतो. पिशवी नाही, वेष्टन नाही, लेबल नाही. ही सवय टिकली, कारण गिरणी पायी जाण्याच्या अंतरावर राहिली. माणसाची रोजची निवड बहुतेक वेळा त्याच्या तत्त्वापेक्षा त्याच्या सोयीवर ठरते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. कुकरच्या रिंगेसाठी सभासदाला वाहतूक कोंडीतून पेठेत जावे लागत असेल आणि नवा कुकर दारात येत असेल, तर तो नवाच घेणार. म्हणून त्याला उपदेश करण्यापेक्षा दुरुस्तीची सोय त्याच्या इमारतीखाली आणून देणे हे समितीचे काम आहे.

बोहारणीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण पाटीवरचे तिचे नाव मला सर्वांत अधिक खुपते. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात येणारी बोहारीण डोक्यावरची पाटी उतरवून पायरीवर बसे. आई जुन्या साड्या आणून ठेवी. ती प्रत्येक साडी उलगडून उजेडासमोर धरी, विरलेली जागा बोटाने चाचपून पाही, पदर आणि काठ वेगळे तपासी, पँटची चेन वरखाली करून बघे आणि मग पाटीतले एक पातेले पुढे सरकवी. आई म्हणे, ‘एवढ्या कपड्यांवर झाकण तरी दे.’ ती म्हणे, ‘ताई, यातल्या दोन साड्या नुसत्या पुसायच्या कामाच्या.’ शेवटी झाकण मिळेच, आणि कधीकधी वर एक डावही. या घासाघिशीत कापडाची जी पारख होत होती, ती आजच्या कोणत्याही कपडे-संकलनाच्या पेटीत होत नाही. बरे कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जात आणि ज्यांना नवे परवडत नाहीत, त्यांच्या अंगावर येत. न टिकणारे कापड गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत यंत्रे पुसायला जाई. सुती लुगडी तर आईच काढून ठेवी, कारण त्यांची गोधडी व्हायची. म्हणजे एका साडीला निदान तीन आयुष्ये होती आणि त्यांची वाटणी पायरीवर बसून दोन बायका करीत होत्या. या व्यवसायातल्या स्त्रिया आजही शहरात आहेत. त्यांना उणीव आहे ती फक्त बसायला पायरीची.

कल्हईचेही तसेच आहे. पितळेचे पातेले भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकून आतला मळ काढायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून सगळीकडे झरझर फिरवायचे. पाण्यात बुडवले की चर्रर्र आवाज होऊन भांडे आतून चांदीसारखे निघते. पितळेची भांडी पुन्हा घेऊ लागलेल्या अनेक तरुण घरांत ती वर्षभरात मांडणीवर शोभेला जातात, कारण कल्हई कोठे करून मिळेल हेच त्यांना माहीत नसते.

आता रोजच्या कचऱ्याकडे वळते. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली उभी राहिली, आणि २००८ पासून त्याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. तिचे सभासद तीन हजारांहून अधिक आहेत. घरामागे मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, असे त्यांच्या कमाईचे दोन भाग असतात. हा दुसरा भाग आपल्या घरात ठरतो, हे मला एका ताईंनी प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी दोन दुधाच्या पिशव्या माझ्यापुढे धरल्या. एक विसळून वाळवलेली होती आणि कात्रीने कापलेला तिचा कोपरा पिशवीला तसाच लटकत होता. दुसरी आमटीच्या पातेल्यातल्या खरवडीबरोबर गाठ मारून टाकलेली होती. पहिली त्यांनी सरळ गोणीत घातली. दुसरी उघडली, झटकली, वास घेतला आणि बाजूला फेकली. ‘ही धुवायला पाणी कोण देणार?’ एवढेच त्या म्हणाल्या. पिशवी तीच, प्लास्टिक तेच, आणि दोन्ही घरांनी ते सकाळी एकाच दुकानातून आणलेले. एका घरात ते कच्चा माल राहिले, दुसऱ्यात कचरा झाले. कापलेला कोपरा तुटून वेगळा पडला, तर तो इतका लहान असतो की पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. म्हणून कोपरा पूर्ण कापू नये, हेही त्यांनीच सांगितले. कागदाचे तसेच. कोरडी, बांधलेली रद्दी विकली जाते. तेलकट खोके आणि भिजलेले वर्तमानपत्र कोणी घेत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना तर गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. ती पाकिटे घरात कमी आणणे हाच त्यावरचा उपाय आहे.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली आणि दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते मानले. आपल्यापैकी अनेक मोठ्या संस्था त्यात मोडतात. मोठ्या संकुलांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, अशी अपेक्षाही त्यात होती. कित्येक ठिकाणी त्यासाठी महागडी यंत्रे आणली गेली आणि वीजबिल परवडेना म्हणून झाकून ठेवली गेली. विटांचे हवेशीर साधे खड्डे, कोरड्या पाल्याचे थर आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करणारा एक माळी, एवढ्यावर खत होते, असा माझा आमच्या बागेतला अनुभव आहे. मात्र त्यात प्लास्टिक जाता कामा नये, आणि तेथे पुन्हा गोष्ट घरातल्या दोन डब्यांपाशी येते.

हे सगळे न केल्याचा भार कोणी वाहिला, हे पुणेकरांनी विसरू नये. अनेक दशके या शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडत राहिला. तेथल्या विहिरींचे पाणी बिघडले, ढिगाऱ्यांना आगी लागल्या आणि गावकऱ्यांना वारंवार कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. आमच्या कचराखोलीतले ते तीन कुकर निदान धातूचे होते, ते वाटेत कोणीतरी उचलले असते. गादी आणि आमटीने बरबटलेल्या पिशव्या मात्र कोणाच्या तरी गावाच्या शिवेपर्यंत गेल्या असतील.

आता आक्षेपांकडे येते. ते मी स्वतः मांडलेले असल्यामुळे मला पाठ आहेत. सुरक्षेचा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर नोंदीत आहे, बंदीत नाही. घरपोच वस्तू आणणाऱ्या अनोळखी तरुणाची आपण जशी नोंद करतो, तशी कारागिराचीही करता येईल. महिन्यातला एक रविवार ठरवून, सकाळी दहा ते एक या वेळेत, पार्किंगच्या एका कोपऱ्यात दोन टेबले आणि विजेचा एक पॉइंट दिला, तर कोणालाही जिने चढावे लागणार नाहीत आणि आरोळीही द्यावी लागणार नाही. कुकर-मिक्सर दुरुस्त करणारा, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, छत्री आणि चप्पल शिवणारा, रफू करणारा आणि बोहारीण यांना आळीपाळीने बोलवावे. त्यांच्याकडून जागेचे भाडे घेऊ नये. काही समित्यांना यात उत्पन्नाचे साधन दिसेल, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. कुकरचा व्हॉल्व्ह आणि रिंग मात्र अस्सलच बसवून घ्यावी. तेथे चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मी भंगारवाल्याचे नाव घेत नाही. जुने मोबाइल, संगणक, बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट सरसकट कोणालाही देऊ नयेत. तांबे काढण्यासाठी तारा जाळल्या, तर त्या धुराचा त्रास जाळणाऱ्यालाच सर्वांत आधी होतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. समितीने वर्षातून दोनदा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला बोलावून संकलन करावे आणि पावती सूचनाफलकावर लावावी. सॅनिटरी पॅड आणि डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत याच शहरात कचरावेचकांच्या आग्रहातून पुढे आली. ती पाळायला पैसा लागत नाही. ते पुडके हाताने उचलणाऱ्या बाईचा मान राखायचा आहे, एवढे मनात असले की पुरे.

फ्लॅटच्या नूतनीकरणाला परवानगी देताना समिती अनामत घेते. त्याच अर्जात एक अट वाढवता येईल : काढलेली दारे, खिडक्यांचे गज, सिंक, नळ आणि फर्निचर राडारोड्यात टाकण्यापूर्वी आठ दिवस सूचनाफलकावर जाहीर करावे. आमच्या इमारतीतले सागवानी दार एका सभासदाच्या गावी गोठ्याला लागले. ते मुंबईहून आलेल्या नव्या दारापेक्षा नक्कीच अधिक टिकेल.

संस्थेच्या सण-समारंभांत थर्माकोलच्या आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरीही कोजागरीच्या रात्री कागदी पेल्यांचा ढीग पडतोच. त्यांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि त्यामुळे ते रद्दीतही जात नाहीत. दोन वर्षांच्या कागदी पेल्यांच्या खर्चात आमच्याकडे शंभर स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले आले. आता सभासद बारशाला आणि मुंजीलाही ते नेतात. गणपतीचे उदाहरण याहून सुंदर आहे. शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली, की तळाशी उरलेली माती ही माती म्हणूनच मोलाची असते. ती वाळवून मूर्तिकारांकडे परत पोचवण्याचे काम पुण्यात ‘पुनरावर्तन’ या मोहिमेतून होते. विसर्जनानंतरच्या आठवड्यात संस्थेने एक पिंप खाली ठेवले, तरी प्रत्येक घरातला तो गोळा पुढच्या वर्षीच्या मूर्तीत जाऊ शकतो. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

आमच्या संस्थेच्या येत्या सभेसाठी मी पुढील ठराव दिला आहे. आपल्या सभेला तो उपयोगी पडला, तर शब्द बदलून अवश्य वापरावा.

‘ही सभा असे ठरवते की, संस्थेच्या मुख्य प्रवेशद्वारावरील “फेरीवाले, भंगारवाले व बोहारणी यांना प्रवेश बंद” ही पाटी काढण्यात यावी, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत दुरुस्ती करणारे कारागीर, बोहारणी व रद्दी-भंगार घेणारे यांना नोंदवहीत नोंद करून आवारात विनाशुल्क बसू द्यावे, त्यांच्यासाठी सावली, पिण्याचे पाणी, विजेचा पॉइंट व तळमजल्यावरील स्वच्छतागृह उपलब्ध करावे, आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंना वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा, हात धुण्यासाठी नळ व साबण देण्यात यावा. खर्चास किरकोळ खर्चाच्या तरतुदीतून मंजुरी देण्यात येत आहे.’

कळावे,

आपली नम्र,
कोथरूड येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद व माजी सचिव